दुर्बीण लाखाची, नजर कोणाची?

थंडी पडू लागली की भिगवणच्या जलाशयावर, उरणच्या खाडीकाठी किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर पहाटेच्या वेळी एक आगळाच समाज जमतो. त्यात शाळामास्तर असतात, बँकेतले कारकून असतात, महाविद्यालयातली मुलेमुली असतात आणि निवृत्तीनंतरच्या दिवसांना काही अर्थ यावा म्हणून आलेली वडीलधारी मंडळीही असतात. उत्तरेकडून आलेली बदके, चिखलात चोची खुपसणारे तुतवार आणि उथळ पाण्यात उभे असलेले रोहित पाहणे हे या सर्वांचे समान वेड. पक्षिनिरीक्षण हा बेताच्या प्राप्तीच्या माणसालाही परवडणारा छंद, अशी त्याची जुनी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. अंगणातला दयाळ किंवा तारेवरचा खंड्या पाहायला कोणी तिकीट मागत नाही. तथापि या मंडळींच्या गप्पांत अलीकडे पक्ष्यांच्या बरोबरीने आणखी एक विषय हटकून निघतो. कोणाच्या गळ्यात कोणती दुर्बीण आहे आणि तिच्याहून वरची कोणती, हा तो विषय होय.

या विषयाला पैशाची बाजू आहे आणि ती किरकोळ नाही. भारतीय बाजारात आठ-दहा हजार रुपयांत कामाची दुर्बीण मिळते. पंचवीस ते चाळीस हजारांत चांगली म्हणावी अशी मिळते. ऑस्ट्रिया व जर्मनीतील नामांकित कंपन्यांच्या सर्वोत्तम दुर्बिणींना मात्र दोन ते तीन लाख रुपये मोजावे लागतात. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात ही रक्कम मुलीच्या शिक्षणाची असते, आजारपणासाठी राखून ठेवलेली असते किंवा घराच्या डागडुजीची असते. असे असूनही एखाद्या सहलीत कोणाची तरी उंची दुर्बीण क्षणभर डोळ्यांना लावली, की मन चळते. आपली जुनी दुर्बीण कालपर्यंत स्वच्छ होती, ती आज एकाएकी धूसर भासू लागते. हा मोह हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याची नीट तपासणी केली पाहिजे.

बंदुकीची जागा घेणारे साधन

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दुर्बीण ही या छंदातली चैन नव्हे. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो मारायचा, अशीच रीत होती. भारतीय पक्षिशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश संग्रहालयाला दिलेल्या संग्रहात पक्ष्यांची साठ हजारांहून अधिक कातडी होती. हातात मेलेला पक्षी असल्याखेरीज नावाची खात्री देता येत नसे. इग्नाझिओ पोरो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ मध्ये लोलकांची एक नवी रचना शोधली. तिचा उपयोग करून १८९४ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीने लोलकांची दुर्बीण बाजारात आणली आणि हे चित्र हळूहळू पालटले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे आणि १९४१ मध्ये आपल्याकडे सालिम अली यांचे सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. जिवंत पक्षी दुरून पाहून ओळखण्याची विद्या सामान्य माणसाच्या हाती आली. बंदूक खाली ठेवून दुर्बीण उचलणे हा पक्षिशास्त्रातला मोठाच पालट होता. तेव्हा चांगल्या दुर्बिणीची ओढ असणे यात काही गैर नाही. किती चांगली, हा प्रश्न आहे.

पैसे कशाला पडतात?

लाखाची दुर्बीण आणि दहा हजारांची दुर्बीण यांत फरक आहेच. फरक नसतो असे म्हणणे म्हणजे द्राक्षे आंबट म्हणण्यासारखे होईल. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की सव्वापाच येतात. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा झोत इतक्या मिलिमीटर रुंदीचा असतो. हे गणित स्वस्त आणि महाग दुर्बिणींत सारखेच आहे. पैसे पडतात ते पुढच्या गोष्टींना. उंची दुर्बिणीतील खास काचेमुळे उजळ आभाळापुढे बसलेल्या पक्ष्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसत नाही. भिंगांवरील लेपांमुळे आत शिरलेल्या प्रकाशापैकी नव्वद टक्के किंवा त्याहून थोडा अधिक प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. मध्यम किमतीच्या दुर्बिणीतून हजार मीटरवर एकशेदहा-वीस मीटर रुंदीचा देखावा दिसत असेल, तर हिच्यातून तो दीडशे मीटरच्या आसपास दिसतो, आणि तोही कडेपर्यंत रेखीव. चष्मा न काढता पूर्ण देखावा दिसण्याची सोय, घट्ट बांधणी आणि वर्षानुवर्षांची दुरुस्तीची हमी या गोष्टी वेगळ्याच.

परंतु या सुखांचा हिशेब किमतीच्या प्रमाणात वाढत नाही. खेळण्यातल्या दुर्बिणीवरून प्रामाणिक बनावटीच्या दहा हजारांच्या दुर्बिणीवर येणारा माणूस अक्षरशः नव्या जगात येतो. रस्त्यावर ‘शंभर पट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींचे दोन डोळे बहुधा एका रेषेत नसतात. त्यांतून पक्षी दिसण्यापूर्वी डोके दुखू लागते, आणि अशा वस्तूवर घातलेला रुपया वायाच जातो. तेथून पंचवीस-चाळीस हजारांपर्यंत गेल्यास फायदा स्पष्टपणे जाणवतो. सरळ नळीच्या दुर्बिणीतील लोलक प्रकाशाचे दोन भाग करून पुन्हा जुळवतो आणि त्यात चित्राचा उठाव थोडा मारला जातो. त्यावर उपाय म्हणून खास लेप देण्याची पद्धत झाइसने १९८८ मध्ये आणली. त्या काळी ती अगदी महाग दुर्बिणींची मिरासदारी होती. आज मध्यम किमतीच्या दुर्बिणीवरही तसा लेप सर्रास असतो. श्रीमंतांच्या काचेची रहस्ये काही वर्षांनी मध्यमवर्गाच्या गळ्यात येतातच. त्या टप्प्यापुढे मात्र किंमत सहापट-आठपट होते आणि दिसणे थोडेच सुधारते.

ते थोडेही नेहमी उपयोगी पडते असे नाही. भर दुपारी माणसाची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटर होते. सव्वापाच मिलिमीटरच्या झोतातला बराच प्रकाश तेव्हा बाहुलीबाहेरच पडतो. रातवा किंवा घुबड शोधताना, सांजावलेल्या रानात, दाट छायेत उंची काचेचा गुण दिसतो. माळरानावर सकाळी नऊ वाजता टिटवी पाहणाऱ्याला तो क्वचितच लागतो.

जे विकत मिळत नाही

उंची दुर्बीण पक्षी मोठा आणि स्वच्छ करून दाखवते. कोणती खूण पाहायची, हे ती सांगत नाही. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले. वनपिंगळा हे छोटे घुबड १८८४ नंतर कोणाला खात्रीने आढळले नव्हते. १९१४ सालचा म्हणून संग्रहालयात ठेवलेला एक नमुना रिचर्ड माइनर्टझागेन या अधिकाऱ्याने केलेली लबाडी होती, आणि त्या खोट्या नोंदीने शोधाची दिशाच चुकवली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी संग्रहालयातले जुने नमुने बारकाईने तपासून ही लबाडी उघडकीस आणली आणि खरे नमुने कोठले, हे निश्चित केले. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना तो पक्षी दिसला. आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात. याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, पोट पांढरे असते आणि पंख-शेपटीवर ठळक पट्टे असतात. या खुणा ओळखायला दुर्बीण लागलीच. पण त्या खुणा बघायच्या आहेत, हे डोळ्यांना संग्रहालयातल्या परिश्रमांनी शिकवले होते. १९९७ पूर्वी त्या रानातून दुर्बीण घेऊन गेलेल्या एखाद्याने ‘पिंगळाच आहे’ म्हणून मान वळवली असेल, तर त्यात काचेचा दोष कोणता?

दुसरे उदाहरण अधिक जुने आहे. १९३० मध्ये सालिम अली जर्मनीतून शिकून परतले, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. अलिबागजवळच्या किहीम येथे ते राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून, घरट्यांच्या अगदी जवळ तासन्‌तास बसून त्यांनी नोंदी केल्या. नर अर्धे घरटे विणतो, माद्या ते पारखतात, पसंत पडलेले घरटे नर पुरे करतो आणि लगेच दुसऱ्याची उभारणी सुरू करून दुसरी मादी मिळवतो, ही सुगरणीच्या संसाराची रीत त्यांनी उलगडून दाखवली. हा अभ्यास १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. तेथे भांडवल होते ते वेळेचे, चिकाटीचे आणि वहीचे.

आता तर दुर्बिणीनेच पक्ष्याचे नाव सांगावे, अशी वेळ आली आहे. स्वारोव्हस्की ऑप्टिक या ऑस्ट्रियन कंपनीने २०२४ मध्ये चार हजार युरोंहून अधिक किमतीची एक दुर्बीण बाजारात आणली. नऊ हजारांहून अधिक जातींच्या पक्ष्यांची ओळख पटवून नाव दाखवण्याची सोय तीत आहे. यंत्र म्हणून ती विलक्षणच आहे. परंतु नाव कळणे आणि ओळख होणे यांत अंतर असते, हे वर्गात शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला सांगण्याची गरज नाही. गाइडमध्ये उत्तर वाचून गणित सुटल्याचा आनंद होत नाही. पर्णवटवट्यांसारख्या एकमेकांशी मिळत्याजुळत्या पक्ष्यांत चुकतमाकत, पंखावरची पट्टी आणि आवाजातला फरक टिपत जे ज्ञान येते, त्यासाठीच हा छंद असतो.

मग मोह का होतो? फ्रेंच विचारवंत दिदेरो याने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याविषयी एक लेख लिहिला होता. नवा, उंची झगा मिळताच त्याला खोलीतले सारे सामान विजोड वाटू लागले आणि एकेक वस्तू बदलता बदलता तो हैराण झाला. दुर्बिणीचेही तसेच आहे. ती आली की तिला शोभेशी तिकाटी, एका डोळ्याची मोठी दुर्बीण, मग लांब भिंगाचा कॅमेरा असे वऱ्हाड मागोमाग येते. शिवाय, न ओळखू आलेल्या पक्ष्याचा दोष दुर्बिणीवर ढकलणे सोयीचे असते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण पक्षिनिरीक्षकांनाही लागू पडते. अभ्यासाला वर्षे लागतात, खरेदीला एक दुपार पुरते. वर्षांच्या कष्टाची भरपाई दुपारच्या खरेदीने होईल, ही आशा हेच या मोहाचे मूळ होय.

छंदाचे प्रवेशमूल्य

एखाद्याने स्वतःचे पैसे स्वतःच्या आनंदावर खर्च केले, तर इतरांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण या मोहाचा एक परिणाम खरेदीदारापुरता राहत नाही. गटातल्या चारजणांच्या गळ्यात लाखाच्या दुर्बिणी दिसू लागल्या, की पाचवा विद्यार्थी आपली साधी दुर्बीण पिशवीत ठेवतो आणि सहावा यायचाच थांबतो. छंदाला न लिहिलेले प्रवेशमूल्य लागू होते.

हे नुकसान पक्ष्यांचेही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो आणि त्यांतल्या १७८ जातींची विशेष काळजी घेण्याची निकड सांगतो. त्याचा आधार तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदी हा आहे. कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणते पक्षी किती दिसले, एवढेच या नोंदी विचारतात. नोंद करणाऱ्याची दुर्बीण कितीची, हे त्या विचारत नाहीत. एवढ्या मोठ्या देशात अशा नोंदींना डोळे पुष्कळ हवेत, गावोगावचे हवेत आणि वर्षानुवर्षे टिकणारे हवेत. अडीच लाखांच्या एका दुर्बिणीच्या पैशांत दहा हजारांच्या पंचवीस दुर्बिणी येतात. तालुक्याच्या एखाद्या शाळेतला अख्खा निसर्गमंडळाचा वर्ग त्यांतून गावचे तळे पाहू शकेल.

दुर्बीण बदलूच नये, असा याचा अर्थ नव्हे. कोकणातल्या पावसात ओल शिरून भिंगांवर बुरशी धरत असेल, तर आत कोरडा वायू भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण घेणे शहाणपणाचे. चष्मा लावणाऱ्याने नेत्रिकेपासून निदान पंधरा मिलिमीटर अंतरावरून पूर्ण देखावा दिसतो की नाही, हे पाहूनच खरेदी करावी. संध्याप्रकाशात काम करणाऱ्या संशोधकाला उंची काच लागेल आणि त्याने ती अवश्य घ्यावी. कसोटी साधी आहे. आपल्या दुर्बिणीमुळे नेमके कोणते काम अडले, ते एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. लिहिता आले तर ती गरज. नाही आले, तर दोन-तीन वर्षे थांबावे आणि त्या काळात वही भरावी. वही भरत आली की गरज असल्यास ती आपोआप दिसेल, आणि नसल्यास वाचलेल्या पैशांतून एक साधी दुर्बीण गावच्या शाळेला देता येईल.