कुलूप, चिठ्ठी आणि हॉस्टेलचं वाय-फाय

फर्स्ट इयरची बॅच हॉस्टेलवर राहायला आली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, सेफ ब्राउझिंगसाठी कुठलं एक्स्टेन्शन टाकू?" आणि कुणीतरी सीनियर अजूनही ठोकून देतो, "एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर टाक की!" सल्ला एके काळी सोळा आणे खरा होता. पण ते एक्स्टेन्शन आता बंद झालंय, आणि त्याच्या जागी पोरं जे काही टाकतात ते बघून पोटात गोळा येतो. म्हणून हा लेखप्रपंच.

(माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'कूटबद्धीकरण' म्हणताना जीभ वळत नाही, म्हणून मी 'एनक्रिप्शन'च म्हणणार. मराठीच्या सरांनी माफ करावं!)

गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर चिठ्ठी पाठवली की मधले सगळे ती वाचूनच पुढे सरकवतात. साधं एचटीटीपी म्हणजे अशी उघडी चिठ्ठी. एचटीटीपीएस म्हणजे तीच चिठ्ठी कुलूपबंद डबीत. मधल्यांना डबी कुणाकडे चाललीय एवढं कळतं, आत काय आहे ते नाही. म्हणजे हॉस्टेलचं नेटवर्क सांभाळणाऱ्याला तुम्ही यूट्यूबवर गेलात हे सहसा कळू शकतं, पण कुठला व्हिडिओ पाहिला ते नाही. घ्या, काही जणांचा जीव भांड्यात पडला असेल!

आता २०१० साली काय परिस्थिती होती? बऱ्याच मोठ्या साइट्सकडे एचटीटीपीएस होतं, पण मागच्या दारासारखं. पुढचं दार उघडंच. काही साइट्स फक्त लॉगिनपुरतं कुलूप लावत आणि नंतर तुमची ओळख सांगणारी कुकी उघड्यावर पाठवत. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरने 'फायरशीप' हे फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन जाहीर केलं. उघड्या वाय-फायवर बसायचं, शेजारच्याची कुकी उचलायची आणि डबल क्लिक करून त्याच्या फेसबुकात शिरायचं. ना हॅकिंगची विद्या, ना काही! ढिसाळपणा जगाला दाखवणे हाच त्याचा हेतू होता.

'एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर' त्याच्या थोडं आधी, जून २०१० मध्ये आलं होतं. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि टॉर प्रोजेक्ट यांनी ते मिळून केलं. त्यात जादू काहीच नव्हती. अमुक साइटचा एचटीटीपी पत्ता दिसला की विनंती बाहेर पडण्याआधीच तो एचटीटीपीएसमध्ये बदलायचा, अशा नियमांची एक लांबलचक यादी होती. एकेका साइटसाठी नियम लिहिणारे बरेचसे स्वयंसेवक होते. मला विचाराल तर खरी इंजिनिअरिंग हीच, कंटाळवाणी आणि उपयोगाची. मर्यादा मात्र एक होती. साइटकडे एचटीटीपीएसच नसेल तर एक्स्टेन्शन बिचारं काय करणार?

ती मर्यादा डिसेंबर २०१५ पासून हटू लागली. 'लेट्स एन्क्रिप्ट'ने साइट्सना फुकट प्रमाणपत्रं देणं सर्वांसाठी खुलं केलं. जुलै २०१८ पासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला 'नॉट सिक्युअर' म्हणू लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये फायरफॉक्सने एचटीटीपीएस-ओन्ली मोड आतच दिला. जानेवारी २०२३ मध्ये एक्स्टेन्शन निवृत्त झालं. काम झालं म्हणून दुकान बंद करणारे जगात थोडेच!

मग आता भीती कशाची? आपल्याकडे वाय-फाय कसं असतं ते बघा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलवर रेलटेल आणि गूगलचं फुकट वाय-फाय सुरू झालं आणि मग ते स्टेशनोस्टेशनी पोचलं. तिथला ओटीपी म्हणजे गेटवरच्या वहीत केलेली सही. त्याने हवेतला डेटा एनक्रिप्ट होत नाही. आणि हॉस्टेलमध्ये सगळ्यांना एकच पासवर्ड असेल, तर जुन्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत तो माहीत असणारा जाणकार दुसऱ्याचा डेटा पकडून उलगडू शकतो. तेव्हा कुलूप लागतंच. पण त्यासाठी लोक 'फुकट व्हीपीएन' नावाची एक्स्टेन्शन्स टाकतात! इन्स्टॉल करताना ब्राउझर सांगतो की हे सर्व साइट्सवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकेल. आपण न वाचता ओके! एक्स्टेन्शन ब्राउझरच्या आत बसतं, म्हणजे डबी उघडल्यानंतर. एचटीटीपीएस एव्हरीव्हेअरलाही मोठी परवानगी लागायची, पण त्याचा कोड सगळ्यांसमोर होता. 'होला'चं उदाहरण घ्या. फुकट वापरणाऱ्यांच्या कनेक्शनमधून परक्यांची ट्रॅफिक जाते आणि ती सोय पैसे घेऊन विकली जाते, हे २०१५ मध्ये गाजलं होतं.

कुलपावरही आंधळा विश्वास नको. कलेक्टर ऑफिसात जिचं जिल्हा केंद्र असतं त्या एनआयसीच्या नावावर जुलै २०१४ मध्ये गूगलच्या डोमेन्सची बनावट प्रमाणपत्रं निघाली. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच भेदली गेल्याचं तपासात आढळलं. विंडोजवरचं क्रोम तेव्हा मायक्रोसॉफ्टची विश्वासयादी वापरायचं, आणि त्या यादीत भारत सरकारचं सीसीए असल्याने धोका तिथे होता. फायरफॉक्सची यादी वेगळी, ते वाचलं. शिवाय स्कॉलरशिप पोर्टलसारखं दिसणारं खोटं पान कुणी काढलं तर त्यालाही कुलूप फुकटच मिळेल! लोक गैरसमज करून घेतात म्हणून क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं. त्यामुळे आधी पत्ता नीट वाचा.

करायचं एवढंच. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली एचटीटीपीएस-ओन्ली मोड, क्रोममध्ये 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' चालू करा. हॉस्टेलच्या वाय-फायचं लॉगिन पान साधं एचटीटीपी असेल तर लगेच इशारा येईल. तेवढ्या एका पानाला पुढे जाऊ द्या, पण तिथला पासवर्ड आणि बँकेचा पासवर्ड एकच ठेवू नका.