भाचीचं पहिलं धनुष्य : आधी पोरगी मोजा, मग धनुष्य मोजा

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऐकताना आकडे लिहून घ्यायचे राहिले, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. आजचा विषय आहे लहान मुलांची तिरंदाजी आणि पहिलं धनुष्य कसं निवडायचं. मी काही कोच नाही. बी.टेक. करून पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करणारा जळगावचा साधा पोरगा आहे. पण या विषयात मी एक मोठी चूक केली आणि ती चूक निस्तरता निस्तरता बरंच शिकलो. तेच तुम्हाला सांगतो.

माझी ताई धुळ्याला, देवपुरात राहते. तिची मुलगी साडेआठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला जागतिक तिरंदाजी स्पर्धा झाली. साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या 17 व्या वर्षी जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेऊन पुरुषांचं सोनं आणलं. ते व्हिडिओ पुढे कधीतरी भाचीला दाखवले ते मीच. मग काय, "मामा, मला धनुष्य पाहिजे" हे रोजचंच सुरू झालं.

मी काय केलं? रात्री फोनवर दोन-चार व्हिडिओ पाहिले, चार रिव्ह्यू वाचले आणि दिसायला झकास असं एक धनुष्य मागवलं. त्यावर 30 पौंड लिहिलं होतं. म्हटलं, थोडं जड असलं तर काय झालं, पोरगी वाढतेच आहे, पुढच्या वर्षी होईल बरोबर. शाळेचे बूट एक नंबर मोठे घेतो ना, तसं.

दिवाळीला धुळ्याला गेलो. अंगणात भिंतीला टेकवून चिंध्या भरलेलं पोतं उभं केलं. भाचीने पहिला बाण सोडला आणि तो पोत्यात घुसला. दुसराही गेला. तिसऱ्याला तिने दोरी ओढली आणि तेवढ्यात धाकटा बाण उचलायला पोत्याकडे पळाला. मी ओरडलो, "थांब, सोडू नको!" तिला थांबायचंच होतं हो. पण हात थरथरत होते आणि ओढलेली दोरी हळूच मागे आणायची ताकदच तिच्यात नव्हती. बोटांतून दोरी निसटली. बाण धाकट्याच्या हातभर अंतरावरून जाऊन भिंतीवर आपटला. दोरीचा फटका बसून भाचीच्या कोपराजवळ लांबलचक वळ उठला तो वेगळाच.

ताई काही बोलली नाही. तिने धनुष्य उचललं आणि कपाटावर नेऊन ठेवलं. मला वाईट याचं वाटलं की भाचीला वाटत होतं, चूक तिची आहे.

चूक माझीच होती. एक नाही, तीन. धनुष्य जड होतं, हाताला गार्ड नव्हता आणि मैदानाचा काही नियमच नव्हता. आता एकेक करून पाहू.

ओढता येणं आणि आवरता येणं

बाबांचे एक जुने परिचित चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी राहतात. पावरा समाजातले, वय सत्तरीच्या पुढचं. आपल्याकडे सातपुड्यात भिल्ल, पावरा लोकांकडे तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या आहे. बांबूचा कामठा आणि दोरीच्या जागी बांबूचीच पातळ, चिवट कामटी. ही गोष्ट त्यांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, पहिले पोरले मोज, मंग कामठा मोज."

मुद्दा तोच आहे. मुलाला दोरी मागे ओढता आली म्हणजे धनुष्य पेललं असं नाही. ओढून, धरून, मनात आलं तर बाण न सोडता हळूच पूर्वीच्या जागी आणता आलं पाहिजे. ब्रेक लागत नसेल तर ती गाडी चालवायला द्यायची नाही, इतकं सोपं.

मोजमाप कसं करायचं

मुलाला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरायला सांगा. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत टेपने मोजा. त्या आकड्याला अडीचने भागा. भाचीचं माप आलं 125 सेंटिमीटर. भागिले अडीच, म्हणजे 50 सेंटिमीटर, साधारण 20 इंच. ही तिची ओढ, म्हणजे ती दोरी किती मागे आणेल त्याचा अंदाज. इंग्रजीत याला ड्रॉ लेंग्थ म्हणतात.

आता धनुष्यावरचा पौंडाचा आकडा. हा आकडा बहुतेक वेळा 28 इंच ओढीला मोजलेला असतो. ओढ कमी असली की वजनही कमी भरतं. ढोबळ हिशोब असा की दर इंचाला साधारण 5 टक्के कमी धरायचे. भाचीची ओढ 8 इंचांनी कमी, म्हणजे वजन 40 टक्के कमी. माझं 30 पौंडांचं धनुष्य तिच्या बोटांवर जवळपास 18 पौंडांचं पडत होतं. किलोत सांगायचं तर 8 किलो. आठ किलो तांदळाची पिशवी तीन बोटांवर आडवी ओढून धरायची आणि वर नेमही धरायचा! आठ-नऊ वर्षांच्या नवशिक्या मुलाच्या बोटांवर 10 ते 12 पौंड पुरे झाले. म्हणजे 20 इंच ओढीसाठी धनुष्यावरचा आकडा 16 ते 20 च्या मधला हवा. काही लहान मुलांच्या धनुष्यांवर आकडा कमी ओढीला मोजलेला असतो, म्हणून तो किती इंचांचा आहे हे आधी विचारा.

हिशोब झाला तरी एक टेस्ट घ्याच. मुलाने पूर्ण ओढून पाच सेकंद स्थिर धरायचं आणि हळूच परत आणायचं. असं आठ-दहा वेळा. खांदा कानाकडे चढला, पाठ मागे झुकली किंवा हात कापले, तर धनुष्य जड आहे. फक्त एक लक्षात ठेवा. या टेस्टमध्ये दोरी कधीही मोकळी सोडायची नाही. बाण असला की धनुष्यातली ताकद बाण घेऊन जातो. बाण नसला की तीच ताकद धनुष्याच्या पात्यांवर उलटते आणि पातं तडकतं, दोरी तुटते. रिकामी दोरी सोडणं हा नवशिक्यांच्या हातून धनुष्य मोडण्याचा हमखास रस्ता आहे.

कोणत्या प्रकारचं घ्यावं?

"अदिती आणि ओजससारखंच हवं" असं मुलं म्हणणारच. त्यांचं धनुष्य कंपाउंड. त्याच्या दोन्ही टोकांना चाकं असतात. पूर्ण ओढल्यावर या चाकांमुळे बहुतांश भार उतरतो आणि नेम धरून ठेवणं सोपं जातं. लॉस एंजेलिसच्या 2028 च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येते आहे. पण कंपाउंड महाग असतं, जड असतं आणि त्याची दोरी बदलायलाही खास प्रेस लागतो. पहिल्या धनुष्यासाठी हा व्याप नको.

दुसरं रिकर्व्ह, ज्याची टोकं पुढे वळलेली असतात. साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला तो याच प्रकारात. रिकर्व्हमध्ये सुटं होणारं, म्हणजे टेकडाऊन धनुष्य पाहा. मधली मूठ, जिला रायझर म्हणतात, ती तीच राहते आणि मूल वाढलं की फक्त दोन्ही पाती बदलायची. तुमचा "पुढच्या वर्षी होईल बरोबर" हा हिशोब इथे खरोखर जमतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 48 ते 54 इंच लांबीचं धनुष्य ठीक पडतं.

तिसरा पर्याय आपल्या मातीतला, बांबूचा. आपल्याकडे इंडियन राउंड नावाचा स्पर्धाप्रकारच आहे, त्यात बांबूचं धनुष्य आणि लाकडी बाण असतात. भारतातले कितीतरी तिरंदाज इथूनच सुरुवात करतात. तेव्हा बांबूला खेळणं समजू नका.

आणि सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे लगेच विकतच न घेणं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आपल्या गावाजवळ तिरंदाजीचा सराव कुठे चालतो ते विचारा. सरावाच्या ठिकाणी नवशिक्यांना बहुधा तिथलंच धनुष्य हातात देतात. दोन महिने मुलाचं मन रमलं, तर मग खरेदी.

उजवं की डावं?

हे हातावरून नाही, डोळ्यावरून ठरवा. मुलाने दोन्ही तळहात पुढे करून मध्ये लहानसं त्रिकोणी भोक ठेवायचं आणि त्यातून लांबची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहायची. मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला वस्तू भोकातच दिसत राहते, तो मुख्य डोळा. उजवा असेल तर उजव्या हाताने दोरी ओढायची आणि धनुष्य डाव्या हातात. आमच्या बाईसाहेब जेवतात, लिहितात उजव्या हाताने, पण डोळा निघाला डावा! मी आणलेलं धनुष्य त्या अर्थानेही चुकलं होतं. लहान वयात हात कसाही वळतो, म्हणून सुरुवातच डोळ्याप्रमाणे केलेली बरी.

बाण आणि बाकी सामान

बाण ओढीपेक्षा दोन-तीन इंच लांब हवा. 20 इंच ओढीला 22-23 इंच. आखूड बाण मागे ओढताना मुठीच्या आत येतो आणि सुटला तर थेट हातात घुसू शकतो. सुरुवातीला फायबरग्लासचे बाण चालतात. दर वेळी बाण हलकेच वाकवून तडा आहे का पाहा. असला तर सरळ मोडून फेका, चिकटवत बसू नका.

हाताला आर्म गार्ड आणि बोटांना चामड्याचा फिंगर टॅब, हे दोन्ही धनुष्यासोबतच घ्या. केस बांधलेले, बाही घट्ट, गळ्यात ओढणी नाही.

दोरी धरायची ती तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका या तिघांनी. अंगठा आत दुमडलेला. एकलव्याची गोष्ट मनात ठेवून भिल्ल धनुर्धर अंगठा न लावता बाण सोडतात, असं आपल्याकडे सांगितलं जातं. आज ऑलिंपिकमध्येही दोरीला अंगठा लागत नाही. भाचीला ही गोष्ट सांगितल्यापासून तिचा अंगठा एकदाही चुकून पुढे आलेला नाही.

आपल्या खानदेशची एक खास सूचना. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात धनुष्य गाडीत ठेवू नका. पात्यांचे थर डिंकाने जोडलेले असतात, ते उकलतात. घरी ठेवताना दोरी उतरवून ठेवा.

मैदानाचे नियम

जमिनीवर फक्कीची एक रेघ मारा. बाण सोडणारा रेघेवर, बाकी सगळे रेघेच्या मागे. निशाण्याच्या मागे आणि बाजूला माणसांची ये-जा नको. शेताचा उंच बांध पाठीशी असेल तर उत्तम. गच्ची अजिबात नको. दोरी ओढताना धनुष्य आकाशाकडे करायचं नाही.

मग शिट्टी. जागतिक स्पर्धांमध्ये वापरतात तीच पद्धत आम्ही घेतली. दोन शिट्ट्या म्हणजे रेघेवर या. एक शिट्टी म्हणजे सुरू करा. तीन शिट्ट्या म्हणजे बाण आणायला जा. पाच किंवा जास्त शिट्ट्या म्हणजे असाल तिथे थांबा, दोरी हळूच परत आणा.

पहिला आठवडा

निशाणा मोठा आणि जवळ ठेवा, पाच-सहा पावलांवर. कडब्याच्या पेंढ्या घट्ट बांधल्या की झकास काम होतं. गुण मोजू नका. एका वेळी तीनच बाण, एकूण वीस-पंचवीस मिनिटं. मूल "अजून एक" म्हणत असतानाच थांबा. बाण भरकटला तर "नीट बघ ना" म्हणू नका. त्याऐवजी पाय कसे होते, खांदा कुठे होता ते विचारा. बग शोधताना आपण कोडवर चिडत नाही, मग पोरांवर कशाला चिडायचं?

आता शेवट सांगतो. धनुष्य कपाटावरून उतरवायला मला तीन महिने लागले. उतरवलं ते परत करायला नाही, कारण मुदत केव्हाच संपली होती. ते जळगावला माझ्या खोलीत ठेवलंय, मोठ्यांसाठी. भाचीसाठी 18 पौंडांचं, डावखुरं टेकडाऊन आणलं. त्याआधी ताईसमोर बसून तिला सगळे नियम वाचून दाखवले. ताई म्हणाली, "आधी ती ओढलेली दोरी परत आणून दाखवू दे, मग बोलू." भाचीने दहा वेळा आणून दाखवली. दहाव्या वेळी ताईने स्वतः मोजलं, "पाच."

आता शिट्टी धाकट्याकडे आहे. रेघेच्या मागे उभा राहून तो ती जीव तोडून वाजवतो आणि त्याच्या परवानगीशिवाय कोणी बाण आणायला जात नाही. मी गेलो तर मला पाच शिट्ट्या बसतात.

तुमच्या घरी कोणी पोरगं धनुष्य मागत असेल, तर आज रात्री कार्टमध्ये काही टाकू नका. आधी टेप घ्या आणि त्याचे हात मोजा. चला, पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!