पासबुकातले दोन लाख कोणाचे?

वाचकहो, तुमच्या घरचं पोरगं किंवा पोरगी यंदा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला गेली असेल, तर दिवाळीच्या आत एक तक्रार तुमच्या कानावर येणारच. नावे आणि जमा यांचा घोळ! गुरुजी वर्गात सांगतात, पैसे बँकेत भरले की बँकेचे खाते नावे. आणि घरी येऊन पासबुक उघडावं, तर तीच रक्कम जमेच्या रकान्यात. मग खरं कोण, गुरुजी की बँक? धानोरा, एटापल्ली, गोंडपिपरीकडच्या कितीतरी मुलांचं मन इथंच विषयावरून उडतं, आणि उरलेलं वर्ष पाठांतरावर निघतं.

दोघंही खरे आहेत. किराणा दुकान आठवा. "शेठ, माझ्या नावावर लिहा" असं आपण म्हणतो तेव्हा दुकानदार आपल्या नावे उधारी टाकतो. म्हणजे ज्यानं घेतलं, जो आता देणं लागतो, तो नावे. आपण पैसे नेऊन दिले की तो जमा करतो. घेणारा नावे, देणारा जमा. व्यक्तीच्या खात्याचा नियम एवढाच. आता तुम्ही बँकेत हजार रुपये भरले. तुमच्या वहीत घेणारी बँक, म्हणून बँक नावे. बँकेच्या वहीत देणारे तुम्ही, म्हणून तुम्ही जमा. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे, तुमच्या वहीची नव्हे. एवढं कळलं की निम्मं काम झालं.

पुस्तकात पुढे आणखी दोन नियम येतात. वस्तू किंवा मालमत्ता आली ती नावे, गेली ती जमा. खर्च व तोटा नावे, उत्पन्न व नफा जमा. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, म्हणून ही द्विनोंदी पद्धत. तिच्यावरचा पहिला छापील ग्रंथ लुका पाचोली यांनी 1494 साली व्हेनिसमध्ये काढला. पण कीर्द, तेरीज, ताळेबंद हे शब्द आपल्याकडे पेशव्यांच्या दफ्तरातही सापडतात, तेव्हा विषय परका म्हणून बिचकायचं कारण नाही.

आता तुम्ही म्हणाल, रानातल्या गावाला ताळेबंद काहून पाहिजे? उत्तर गडचिरोली–धानोरा रस्त्यावर आहे. मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012 साली हक्क मिळाला. तेही बांबू विकू लागलं. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूचे लिलाव स्वतः केले. पूर्वी गावकऱ्याला मजुरीपुरता हिशेब पुरत असे. आता गावच विक्रेता झालं आहे. निविदा, बँक खातं, पॅन कार्ड, मजुरीची पत्रकं सगळं आलं. आणि वही कोण लिहिणार, या प्रश्नावर सगळ्यांच्या नजरा वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या पोराकडे वळतात!

त्या पोरानं लक्षात ठेवावं असं एक उदाहरण देतो. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा, ग्रामसभेनं 100 गोणी तेंदू 8,000 रुपये गोणीप्रमाणे विकला. (आपल्याकडे गोणी म्हणजे 1,000 पुडके, पुडक्यात 70 पानं.) विक्री झाली 8 लाखांची. पैकी गोणीमागे 5,000 रुपये पानं तोडणाऱ्यांची मजुरी, म्हणजे 5 लाख. व्यापाऱ्यानं आतापर्यंत साडेपाच लाख भरले. मजुरीचे साडेतीन लाख वाटून झाले. पासबुकात शिल्लक किती? 2 लाख.

सभेत कोणीतरी उठतो. दोन लाख पडून आहेत, मंडपाचं सामान घेऊ, भांडी घेऊ. माना डोलतात. कोणाचा हेतू वाईट नसतो. पण वही नीट लिहिली असेल तर ती वेगळं बोलते. त्या दोन लाखांतले दीड लाख मजुरीचे आहेत. ज्या बायांनी भर उन्हात पानं तोडून पुडके बांधले, त्यांचं ते देणं आहे. गावाचे म्हणावे असे बँकेत 50,000 रुपयेच. अडीच लाख व्यापाऱ्याकडून यायचे आहेत. गावाचा वाढावा 3 लाखांचा खरा, पण त्यातला मोठा भाग अजून दुसऱ्याच्या खिशात आहे. ठेकेदारांकडे रकमा थकल्याच्या तक्रारी गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी वेळोवेळी केल्या आहेत, तेव्हा ही भीती पुस्तकी नाही.

परीक्षेत 'येणे', 'देणे' आणि 'आगाऊ रक्कम' यांना दोन-दोन गुण असतात. गावात त्यांच्यावर कोणाच्या तरी घरची शाळेची फी अडते. व्यापाऱ्यानं हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. माल देईपर्यंत ते त्याचं आपल्यावरचं देणं. ती विक्रीत धरली की ताळेबंद फुगतो, आणि हंगाम पावसानं बुडाला तर परत द्यायला पैसा उरत नाही.

दुसरी खोच 31 मार्चची. वर्ष संपतं तेव्हा तेंदू अजून झाडावर असतो, पण तोडलेला बांबू आगारात पडलेला असू शकतो. त्याची मजुरी वहीत खर्ची पडली, विक्री मात्र झाली नाही. अशा वेळी तो अखेरचा साठा म्हणून दाखवावा लागतो, खर्चाची किंमत आणि बाजारभाव यांत जी कमी असेल तिनं. हे विसरलं की धंदा बरा चालूनही कागदावर तोटा दिसतो, आणि सभेत विनाकारण एकमेकांवर बोटं रोखली जातात. शहरातल्या मुलाला हा साठा गोदामात कल्पावा लागतो. आपल्या मुलानं नुसतं आगारात जाऊन बांबूचे बिंडे मोजावेत.

आणखी एक तत्त्व पहिल्याच धड्यात येतं आणि सगळे घाईनं ओलांडून जातात. धंदा वेगळा, धनी वेगळा. ग्रामसभा वेगळी आणि ज्यांच्या सहीनं पैसे निघतात ती माणसं वेगळी. अध्यक्षानं खिशातून डिझेल भरलं तर तेही वहीत आलं पाहिजे, त्याच्या नावानं जमा. अन्यथा काही महिन्यांनी तो खर्च कोणाला आठवत नाही, किंवा जास्तच आठवतो.

मुलांना एवढंच सुचवावंसं वाटतं की पुस्तकातल्या 'राम ट्रेडर्स'ची गणितं सोडवून झाली की गावची एका महिन्याची रोजकीर्द मागून घ्या. सभेची परवानगी घेऊन. तिच्यावरून खतावणी करा, तेरीज जुळते का पाहा. पहिल्या खेपेला जुळणार नाही. फरक नऊनं भागला जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, 54 चे 45 झाले आहेत. ही मुनीमलोकांची जुनी युक्ती. फरकाची निम्मी रक्कम वहीत कुठं दिसते तेही शोधा. ती नोंद चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते.

मग ती वही सभेत मोठ्यानं वाचा, आणि 'नावे'ला 'येणे' व 'जमा'ला 'देणे' म्हणून चालेल का, हे कोणी म्हातारी विचारील तेव्हा घाईनं हो म्हणू नका. तिला तेंदूच्या व्यापाऱ्याचं खातं दाखवा. तिथं चालतं. मग मजुरी खर्चाचं दाखवा. तिथं नावे पडलेले 5 लाख कोणाकडून यायचे नाहीत. ते तिच्या आणि तिच्या सुनेच्या हातात गेले आहेत, किंवा जायचे आहेत.