गोळ्या लागू पडेनात तेव्हा...



गणपती, दिवाळी, नाटक यांवर आपण भरभरून बोलतो. आज जरा दबक्या आवाजात बोलल्या जाणाऱ्या विषयाकडे वळू या. डिप्रेशनच्या गोळ्या दोनदा बदलल्या, समुपदेशन झालं, तरी घरचं माणूस काही सावरत नाही. डॉक्टर पुढच्या उपचाराचं नाव काढतात आणि आपल्या मनात पहिला शब्द उमटतो, 'शॉक'! डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातली ती दृश्यं. मग भारतात फोनाफोनी होते, 'नकोच ते' असं ठरतं आणि आजार आहे तिथेच राहतो.

पण पुष्कळदा डॉक्टर सुचवत असतात ते आरटीएमएस, म्हणजे चुंबकीय लहरींचा उपचार. त्यात शॉक नाही, भूलही नाही. खुर्चीत जागं बसायचं, डोक्याला एक कॉइल टेकवतात. टकटक आवाज होतो, म्हणून कानात बोळे. मनःस्थितीशी संबंधित मेंदूच्या भागाला त्यातून चालना मिळते. डोकं दुखणं हा नेहमीचा त्रास. फिट येणं फार क्वचित. मात्र डोक्यात धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर आधीच सांगायला हवं. बहुधा आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे जावं लागतं. नोकरी सांभाळून हे जमवणं हीच खरी कसरत!

१ नोव्हेंबर २०२१ पासून यासाठी मेडिकेअरची सवलत मिळते. पहिल्या कोर्समध्ये जास्तीत जास्त ३५ सत्रं. अट अशी, की किमान दोन वेगवेगळ्या गटांतली औषधं पुरेशा मात्रेत, प्रत्येकी निदान तीन आठवडे घेऊनही गुण आलेला नसावा. त्यामुळे कोणती गोळी, किती दिवस घेतली याची नोंद ठेवा. भारतातून आणलेल्या गोळ्यांचीसुद्धा! व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र ही सवलत नाही.

आता तो 'शॉक', म्हणजे ईसीटी. १९३८ साली रोममध्ये सुरू झालेला हा उपचार आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. भारतातही २०१७ च्या कायद्याने त्याशिवाय ईसीटी द्यायला बंदी केली. खाणंपिणं सुटलेल्या, जिवावर उठलेल्या नैराश्यात त्याच्याइतका गुणकारी उपाय क्वचितच सापडेल. काही काळाच्या आठवणी पुसट होतात, काहींच्या परतही येत नाहीत. हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, त्यात संकोच कसला?

तिसरा पर्याय एस्केटामिनचा नाकातला फवारा. मे २०२५ पासून तो पीबीएसवर आहे. तो क्लिनिकमध्येच, देखरेखीखाली घ्यावा लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

सुरुवात जीपीकडून करा. ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. जीव द्यायचे विचार येत असतील तर थांबू नका: लाइफलाइन १३ ११ १४, तातडीला ०००.

आणखी एक. इथे कायमचे राहायला आलेल्या आई-बाबांना मुला-सुनेसमोर मनातलं बोलवत नाही. अशा वेळी डॉक्टरांना १३१ ४५० वर फोन करून दुभाषा मागवायला सांगा आणि आपण बाहेर बसा.