पहिली आफ्रिकन सफारी : कोणतं जंगल निवडाल?

आधी महिना ठरवा, मग जंगल. प्राणी पावसाच्या आणि गवताच्या मागे फिरतात.

■ मसाई मारा (केनिया) : जुलै ते ऑक्टोबर. क्षेत्र सुमारे १,५०० चौ. किमी. मारा नदीच्या काठावर विल्डेबीस्टचे कळप तासन्‌तास ताटकळतात. एकाने उडी घेतली की मागोमाग अख्खी रांग पाण्यात उतरते.

■ सेरेंगेटी (टांझानिया) : क्षेत्र १४,७०० चौ. किमी.हून अधिक. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेकडच्या मैदानात विल्डेबीस्टची पिल्लं जन्मतात आणि काही मिनिटांतच पायांवर उभी राहतात. जवळच गोरोंगोरो हे सुमारे ६०० मीटर खोल ज्वालामुखी विवर आहे. काळा गेंडा दिसण्याची आशा तिथे धरता येते.

■ अंबोसेली (केनिया) : हत्तींसाठी जा. पहाटे ढग हटले, तर कळपामागे किलिमांजारो दिसतो.

■ क्रूगर (दक्षिण आफ्रिका) : मे ते सप्टेंबर. डांबरी रस्त्यांवर स्वतः गाडी चालवता येते. वेगमर्यादा ताशी ५० किमी. कोरड्या दिवसांत झाडी विरळ होते, प्राणी पाणवठ्यावर येतात.

निघण्यापूर्वी : केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

मनापासून सांगणं : आठवड्यात चार जंगलं उरकू नका. दोनच निवडा, प्रत्येक ठिकाणी तीन रात्री राहा. जंगल निवांत बसणाऱ्यालाच दिसतं.