चाहत्यांचे कलह आणि जागेची रचना

शाळेच्या आवारांत दोन विद्यार्थी एखाद्या क्रिकेटपटूवरून हातघाईवर आले, तर घंटा वाजते, शिक्षक मध्यें पडतात, आणि सायंकाळीं तेच दोघे एका मैदानावर खेळतांना दिसतात. तोच वाद इंटरनेटवर गेला, म्हणजे महिनेच्या महिने चालतो, आणि ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नाहीं असे हजारों लोक त्यांत ओढले जातात. असें कां व्हावें? पुष्कळांचें उत्तर असें कीं, हल्लींचीं मुलें उद्धट झालीं आहेत. हें उत्तर सोपें आहे, पण अपुरें आहे. मनुष्यस्वभाव दोन्ही ठिकाणीं एकच. बदलते ती जागेची रचना आणि ती राखणाऱ्यांची रीत.

प्रथम रचनेचा विचार करूं. १९९९ सालीं अमेरिकेंत लाइव्हजर्नल नांवाचें संकेतस्थळ निघालें. तेथें प्रत्येकाची स्वतंत्र रोजनिशी असे, आणि एखादें टिपण सर्वांस दाखवावें कीं निवडक मित्रांसच, हें लिहिणारा स्वतः ठरवी. एकाच कादंबरीचे किंवा चित्रपटाचे चाहते मिळून मंडळ काढीत. मंडळाचे चालक नियम घालून देत, व ते मोडणारास बाहेर काढीत. भांडणें तेथेंहि होत. पण बहुधा तीं चार भिंतींच्या आंत राहत, आणि दाद कोणाकडे मागावी हें प्रत्येकास ठाऊक असे.

पुढें बरेच चाहते टंब्लर व ट्विटर ह्या स्थळांवर गेले. (ट्विटरचें नांव २०२३ पासून एक्स असें आहे.) हीं घरें नव्हेत, चव्हाटे आहेत. टंब्लरवर एकाचें लिखाण दुसरा आपल्या पानावर घेतो, त्याखालीं आपला शेरा जोडतो, आणि मूळ लेखकानें आपलें लिखाण खोडलें तरी त्या प्रती तशाच फिरत राहतात. ट्विटरनें २००९ सालीं दुसऱ्याचें वाक्य एका बटणानें पुढें धाडण्याची, आणि २०१५ सालीं त्यास आपली टीका जोडून धाडण्याची सोय केली. परिणाम असा कीं, चार मित्रांत गमतीनें काढलेला उद्गार, ज्यांस मागचापुढचा संदर्भ ठाऊक नाहीं अशांच्या हातीं क्षणांत पडतो. मग प्रत्युत्तरहि बोलणारासाठीं राहत नाहीं. तें पाहणाऱ्या गर्दीसाठीं दिलें जातें. आणि गर्दीपुढें माघार घेणें किती कठीण, हें आपण सर्वच जाणतों. तें पहिलें बटण घडविण्याचें काम ज्यांच्याकडे होतें, त्या ख्रिस वेदरेल ह्यांनीं २०१९ सालीं एका मुलाखतींत उघडपणें खेद व्यक्त केला. चार वर्षांच्या बालकाच्या हातीं आपण भरलेलें शस्त्र तर दिलें नाहीं ना, असें त्यांस वाटलें होतें.

रचनेचा दुसरा भाग म्हणजे मोजणी. चीनमधील वेइबो ह्या स्थळावर नटनटींच्या व गायकांच्या लोकप्रियतेची क्रमवारी जाहीर होत असे. आवडत्या नटाचा क्रम चढविणें हें चाहत्यांस कर्तव्य वाटूं लागलें. आणि एक चढला म्हणजे दुसरा उतरणारच, म्हणून दुसऱ्याचे चाहते आपोआप शत्रु ठरले. प्रेमाचें मोजमाप सुरू झालें कीं वैर त्याच्या पोटीं जन्मतें. २०२१ च्या मे महिन्यांत ह्या मोजणीचें टोक दिसलें. तेथील एका कलावंतांच्या स्पर्धेंत मत देण्याची खूण पुरस्कर्त्यांच्या दुग्धपेयाच्या बाटलीच्या झांकणांत ठेविली होती. मतें मिळविण्यासाठीं बाटल्या उघडून दूध गटारांत ओतल्याचें दृश्य देशभर पसरलें, आणि स्पर्धेची अंतिम फेरी झालीच नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्टांत वेइबोनें आपली क्रमवारी काढून टाकिली, व सरकारनेंहि कलावंतांच्या अशा क्रमवाऱ्यांस मनाई केली.

आतां राखणाऱ्यांची रीत पाहूं. २००७ च्या मेअखेर, बाहेरच्या एका गटाच्या तक्रारीवरून, लाइव्हजर्नलच्या मालक कंपनीनें शेंकडों रोजनिश्या व मंडळें एकाएकीं बंद केलीं. बंद झालेल्यांचीं नांवें आडवी रेघ मारलेलीं दिसूं लागलीं. त्या झडतींत कथा लिहिणाऱ्या चाहत्यांचीं मंडळें, आणि एका प्रसिद्ध कादंबरीची चर्चा करणारें मंडळहि सांपडलें. कांहीं दिवसांतच कंपनीच्या प्रमुखांनीं क्षमा मागितली, व पुष्कळ रोजनिश्या पुनः उघडल्या. पण उडालेला विश्वास क्षमेनें परत आला नाहीं.

त्याच वर्षीं कांहीं चाहत्यांनीं स्वतःची एक संस्था स्थापिली, आणि २००९ च्या नोव्हेंबरांत तिचें ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हें कथाभांडार सर्वांस खुलें झालें. तें देणग्यांवर व स्वयंसेवकांच्या श्रमावर चालतें. तेथें जाहिराती नाहींत. त्यामुळें वाचकांस चिडवून खिळवून ठेवण्यांत कोणाचा लाभ नाहीं. लेखक आपल्या कथेवर तिच्या स्वरूपाची चिठ्ठी लावतो; ज्यास तसली कथा नको, तो ती गाळून पुढें जातो; आणि आपल्या कथेखालील दुष्ट शेरा लेखक स्वतः काढूं शकतो. तरी हेंहि भांडार निर्दोष नाहीं. २०२० सालीं तेथील वंशद्वेषी छळाविषयीं टीका झाली, तेव्हां त्रास देणारास दूर ठेवण्याचीं नवीं साधनें देण्याचें चालकांनीं कबूल केलें, आणि तीं पुढें दिलीं.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत आणखी एक बोधप्रद प्रसंग घडला. ह्या भांडारांत एका चिनी नटाविषयीं आलेली कथा न रुचल्यामुळें त्याच्या कांहीं चाहत्यांनीं तक्रारींची मोहीम चालविली. महिनाअखेर तें भांडार चीनमध्यें दिसेनासें झालें. तेव्हां, ज्यांचें वाचनालय गेलें, त्यांनीं त्या नटानें जाहिरात केलेल्या मालावर बहिष्कार पुकारला. राग एका कथेचा. शिक्षा सर्व वाचकांस, आणि शेवटीं ज्याच्यावर प्रेम त्या नटासच! जेथें उपाय एकच, आणि तोहि कुलूप लावण्याचा, तेथें तक्रार ही ढाल न राहतां तलवार बनते.

ह्यावरून चांगल्या राखणदाराचीं लक्षणें सहज ध्यानांत येतात. तो नियम आधीं सांगतो. लहान अपराधास लहान शिक्षा देतो. शिक्षेचें कारण कळवितो. आणि फेरविचाराची वाट मोकळी ठेवितो. चांगली जागा तीच, जींत नको असलेल्या बोलण्यापासून दूर होण्यास दार असतें, आणि जींत कोणाच्या रागावर कोणाची कमाई होत नाहीं.

करिंथ येथील मंडळींतहि कोणी स्वतःस पौलाचे म्हणवीत, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे. पौलानें आपल्या नांवाचा झेंडा घेणाऱ्यांस शाबासकी दिली नाहीं. उलट त्यांचेंहि कान उघडले. विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां अशीं स्थळें बांधतील, कोणी मंडळें चालवितील. त्यांनीं भिंती व दारें विचारपूर्वक ठेवावीं. बाकीच्यांनीं एवढें करावें कीं, दुसऱ्याचें वाक्य चव्हाट्यावर नेण्यापूर्वीं तें बोलणारा आपल्याच बांकावर शेजारीं बसला आहे असें क्षणभर मानावें. आणि आपल्याच पक्षाचा कोणी मर्यादा सोडूं लागला, तर आधीं त्यास आवरावें.