भावंडाच्या मज्जेचे दान : घराने करावयाची तयारी

'रक्ताचे नाते' हे शब्द आपण रोज सहज उच्चारतो. परंतु काही घरांवर त्यांचा अक्षरशः अर्थ पाहण्याची वेळ येते. थॅलेसेमिया, अप्लास्टिक ॲनिमिया किंवा रक्ताचा कर्करोग यांपैकी एखाद्या व्याधीने मुलाला ग्रासले आणि डॉक्टरांनी भावंडाची अस्थिमज्जा घेऊन प्रत्यारोपण करण्याचा सल्ला दिला, म्हणजे आईबापांच्या पायांखालची वाळू सरकते. अशा घरांना उपयोगी पडाव्यात म्हणून काही गोष्टी आम्ही येथे मांडीत आहोत.

अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गर. रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स तेथेच तयार होतात. तो गर बिघडला, की निरोगी माणसाच्या मज्जेतील बीजपेशी रोग्याच्या शरीरात रुजवाव्या लागतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली भारतातील पहिले असे प्रत्यारोपण झाले. रोगी नऊ वर्षांची मुलगी होती आणि दाता तिचा भाऊ होता.

पहिली पायरी जुळणीची. येथे रक्तगट एकच असावा लागत नाही, पेशींवरील 'एच. एल. ए.' नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. प्रत्येक मुलाला त्यांतील अर्ध्या खुणा आईकडून व अर्ध्या बापाकडून मिळतात. म्हणून कोणतेही एक सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक, म्हणजे २५ टक्के असतो. चार भावंडे आहेत म्हणून एक जुळेलच, असे मात्र नव्हे. ज्याची मज्जा जुळली नाही, त्याचे प्रेम काही उणे ठरत नाही. अशा वेळी अर्धी जुळणारी नातलग व्यक्ती अथवा परका दाता यांचा विचार डॉक्टर करतात.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आजारी मुलाला रक्त लागले, की आईबाप व भावंडे प्रथम हात पुढे करतात. प्रत्यारोपणापूर्वी हा मोह आवरावा. जवळच्या नातलगांचे रक्त आधी दिल्यास रोग्याचे शरीर पुढे त्यांचीच मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. येथे शेजाऱ्यांनी व गावकऱ्यांनी पुढे यावे. रक्त आणि प्लेटलेट्स यांची गरज कित्येक आठवडे भासते.

आता दात्याविषयी. मज्जा काढण्यापूर्वी त्याची संपूर्ण तपासणी होते. त्यानंतर त्याला भूल देऊन कमरेच्या मागील हाडातून सुईने मज्जा काढतात. हाड कापीत नाहीत. काही दिवस कंबर दुखते, थकवा वाटतो. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. दुसऱ्या रीतीत चार-पाच दिवस इंजेक्शने देऊन यंत्राद्वारे रक्तातूनच बीजपेशी वेगळ्या करतात. त्या दिवसांत अंग व हाडे ठणकतात.

दाता लहान असेल, तर त्याला फसवून रुग्णालयात नेऊ नये. काय होणार, किती दुखेल, हे त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे. दाता मोठा असेल, तर त्याला मोकळेपणी 'नाही' म्हणण्याची मुभा असावी, आणि ती वेळीच असावी. कारण रोग्याला तीव्र औषधे देऊन त्याची जुनी मज्जा एकदा नष्ट केली, की दात्याने माघार घेणे म्हणजे रोग्याचा जीव धोक्यात घालणे होय.

रोग्याच्या दातांची तपासणी आधीच करून घ्यावी, कारण किडका दातही संसर्गाचे मूळ होऊ शकतो. तीव्र औषधांनी पुढे अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते. त्याविषयी डॉक्टरांना संकोच न करता विचारावे. मज्जा चढविणे हे रक्त चढविण्यासारखेच असते, त्यात शस्त्रक्रिया नाही. ती रुजण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात. तोवर रोगी वेगळ्या खोलीत असतो. पुढेही सुमारे शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहावे लागते. म्हणून बिऱ्हाडाची सोय, शेतीभाती व गुरे कोण पाहील आणि घरी राहिलेल्या मुलांचे कसे, हे आधीच ठरवावे. अन्न ताजे शिजविलेले, पाणी उकळलेले असावे. भेटीला फुले नेऊ नयेत.

खर्च मोठा असतो. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात प्रथम चौकशी करावी. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी कोल इंडियाने २०१७ साली सुरू केलेल्या योजनेत ठराविक रुग्णालयांत दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यात आली.

शेवटी एक नाजूक गोष्ट. कधी नवी मज्जा रुजत नाही, कधी ती रोग्याच्या शरीराशीच झगडू लागते, कधी मूळ रोग परततो. अशा वेळी दाता भावंड मनात कुढते : 'माझीच मज्जा वाईट होती काय?' वडीलधाऱ्यांनो, त्याला आधीच जवळ घेऊन सांगा, की त्याचे काम देण्यापाशी पूर्ण झाले. फळ त्याच्या हाती नव्हते. आजारी मुलाच्या उशाशी सारे घर जागते. दुसऱ्या खाटेवरील मुलाच्या उशाशीही कोणीतरी बसावे.